काउंटीतला वकील, काउंटीतला पुढारी : लिंकन यांची मधली पंचवीस वर्षे

तालुक्याच्या न्यायालयात नुकतीच वकिली सुरू केलेल्या एका तरुण सहकाऱ्याचा प्रश्न आहे. अब्राहम लिंकन यांची गोष्ट आपल्याकडे लाकडी झोपडीपासून सुरू होते आणि एकदम राष्ट्राध्यक्षपदावर पोचते. मधली पंचवीस वर्षे ते अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातल्या एका काउंटीत, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागात, वकिली आणि स्थानिक राजकारण करत होते, ती कारकीर्द कशी होती? वकिलीने राजकारणाला हात दिला की राजकारणाने वकिलीला? आणि स्वतः नगरपरिषदेला उभे राहायचा विचार चालला आहे, तर त्यातून घेण्यासारखे काय?

जिल्हा न्यायालयात दिवाणी बाजूचे काम करत माझी हयात गेली आणि मध्ये एक मुदत नगरसेवक म्हणूनही काढली. त्यामुळे लिंकन यांच्या आयुष्यातला हा मधला भाग मला गेटिसबर्गच्या भाषणाइतकाच मोलाचा वाटतो. उत्तर लांबेल, कारण ही कारकीर्द तपशिलातच समजते.

आधी क्रम लक्षात घ्या. राजकारण आधी आले, वकिली नंतर. १८३२ च्या मार्चमध्ये तेवीस वर्षांच्या लिंकन यांनी सँगमन काउंटीच्या मतदारांना उद्देशून निवेदन काढले आणि राज्याच्या विधानसभेसाठी उमेदवारी जाहीर केली. तेव्हा ते न्यू सेलम नावाच्या लहानशा गावात एका दुकानात कामाला होते. शाळा सगळी मिळून वर्षभराचीही झालेली नव्हती. निवेदनातले मुद्दे मात्र कोणत्याही जिल्हा पातळीच्या उमेदवाराला शोभावेत असे : सँगमन नदी बोटींना चालेल अशी करावी, सावकारी व्याजाला मर्यादा असावी, शिक्षण सर्वांपर्यंत पोचावे. निवडणूक ते हरले. तेरा उमेदवारांत आठवे आले आणि निवडून यायचे होते पहिले चार. पण न्यू सेलमच्या केंद्रावर ३०० पैकी २७७ मते त्यांना पडली. ज्यांनी त्यांना रोज पाहिले होते त्यांनी जवळजवळ एकमुखाने मत दिले, बाकीच्या काउंटीला ते माहीत नव्हते. पुढची दोन वर्षे त्यांनी काय केले, ते या आकड्यांवरून नीट कळते.

१८३३ मध्ये ते न्यू सेलमचे पोस्टमास्तर झाले आणि त्याच वर्षी काउंटीच्या सर्वेक्षकाचे सहायकही. पोस्टमास्तरकी राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांच्या डेमोक्रॅटिक सरकारची, आणि लिंकन हे त्यांच्या विरोधातल्या व्हिग पक्षाकडे झुकलेले. पुढे त्यांनीच लिहून ठेवले की ते पद इतके किरकोळ होते की माझ्या राजकारणाची कोणाला अडचण वाटली नाही. सर्वेक्षक जॉन कॅल्हून हेही डेमोक्रॅटच. मोजणीच्या कामासाठी लिंकन साखळी आणि होकायंत्र घेऊन काउंटीभर फिरले. कोणाची हद्द कुठे, कोणाचा रस्ता कुठून, कोणत्या दोन शेजाऱ्यांत बांधावरून धुसफूस आहे, हे सगळे त्यांना पायाखालून कळले. आपल्याकडे भूमापकाला गावाची जेवढी खबर असते तेवढी आमदारालाही नसते. १८३४ ला ते पुन्हा उभे राहिले आणि यादीत दुसऱ्या क्रमांकाने निवडून आले. १८३६ ला काउंटीत सर्वाधिक मते त्यांना होती. अशा सलग चार मुदती, १८४२ पर्यंत.

वकिली या राजकारणातूनच उगवली. जॉन टॉड स्टुअर्ट हे स्प्रिंगफील्डचे वकील आणि व्हिग पक्षाचे आमदार. त्यांनी लिंकन यांना कायदा शिकायला सांगितले आणि स्वतःची पुस्तके वाचायला दिली. तेव्हा विधि महाविद्यालयाची अट नव्हती. कोणा वकिलाकडे बसून किंवा घरी वाचून तयारी करायची आणि सर्वोच्च राज्य न्यायालयाच्या न्यायाधीशांनी परवाना द्यायचा. लिंकन यांनी ब्लॅकस्टोनची कायद्यावरची भाष्ये एकट्याने वाचली. सप्टेंबर १८३६ मध्ये परवाना मिळाला, १ मार्च १८३७ ला वकिलांच्या पटावर नाव चढले आणि एप्रिलमध्ये ते स्प्रिंगफील्डला राहायला आले, ते थेट स्टुअर्ट यांचे भागीदार म्हणून. त्यांच्या कार्यालयाची जाहिरात गावच्या वर्तमानपत्रात छापून आली. बार कौन्सिलच्या नियमांनी आपल्याला संकेतस्थळावर ठरावीक माहिती देण्यापलीकडे जाहिरात करायची मोकळीक नाही, तेव्हा तेवढ्याबाबत त्यांचे अनुकरण करू नका.

आता विधानसभेतल्या कामाकडे येतो, कारण त्यांच्या चरित्रात स्थानिक राजकारणाचा खरा रंग इथे दिसतो आणि तो नेहमी सुंदर नाही. १८३६–३७ च्या अधिवेशनात सँगमन काउंटीचे नऊ प्रतिनिधी होते, सात विधानसभेत आणि दोन राज्याच्या सिनेटमध्ये, म्हणजे वरच्या सभागृहात. सगळे व्हिग, सगळे उंचापुरे, म्हणून त्यांना ‘लाँग नाइन’ म्हणत. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचे लिंकन त्यांचे म्होरके. उद्दिष्ट एकच : राज्याची राजधानी व्हँडेलियाहून उचलून आपल्या स्प्रिंगफील्डला आणायची. त्याच अधिवेशनात रेल्वे, कालवे, रस्ते यांवर एक कोटी डॉलरहून अधिक खर्चाची प्रचंड योजना मंजूर झाली. प्रत्येक काउंटीला त्यातून काही ना काही हवे होते. तुम्ही आमच्या राजधानीला मत द्या, आम्ही तुमच्या रेल्वेला देतो, असा सरळ सौदा झाला का, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. त्या वेळच्या विरोधकांनी मात्र तसा उघड आरोप केला. २८ फेब्रुवारी १८३७ ला स्प्रिंगफील्डची निवड झाली.

परिणाम दोन झाले. पहिला असा की राजधानीबरोबर राज्याचे सर्वोच्च न्यायालय स्प्रिंगफील्डला आले आणि तिथल्या वकिलांना दारातच अपिलाचे काम मिळाले. लिंकन त्या वकिलांपैकी एक होते. आमदार म्हणून आणलेल्या गोष्टीचा वकील म्हणून लाभ झाला, आणि त्यात बेकायदा काहीच नव्हते. दुसरा परिणाम कडू. त्याच वर्षी देशभर आर्थिक मंदी आली, योजना कोसळली, राज्य कर्जात बुडाले आणि काही वर्षांतच कर्जावरचे व्याज भरणेही थांबले. लिंकन यांनी त्या योजनेची पाठराखण गरजेपेक्षा बराच काळ केली. मतदारसंघाला दिलेल्या शब्दात अडकलेला लोकप्रतिनिधी हिशेब चुकलेला दिसत असूनही मागे फिरत नाही, हे मी सभागृहात बसून पाहिले आहे. लिंकनसुद्धा त्याला अपवाद नव्हते.

याच अधिवेशनातली आणखी एक गोष्ट मला त्या माणसाला समजून घेण्याची किल्ली वाटते. जानेवारी १८३७ मध्ये सभागृहाने गुलामगिरी नष्ट करू पाहणाऱ्या संस्थांचा निषेध करणारे ठराव केले. बाजूने ७७ मते, विरुद्ध ६. त्या सहांत लिंकन होते. पण त्यामागची भूमिका त्यांनी लगेच नोंदवली नाही. राजधानीचा निकाल लागला आणि त्यानंतर, ३ मार्चला, डॅन स्टोन या सहकाऱ्यासह त्यांनी लेखी निषेध दाखल केला : गुलामगिरी अन्यायावर आणि वाईट धोरणावर उभी आहे, मात्र ती नष्ट करण्याच्या मतांचा प्रचार केल्याने तिचे दुष्परिणाम कमी न होता वाढतात. मत लपवले नाही आणि काउंटीचे काम बिघडवलेही नाही. याला कोणी धूर्तपणा म्हणेल. मी म्हणतो की सहा आठवड्यांनी का होईना, सही करायला इतर कोणी पुढे आले नव्हते.

पक्षांतर्गत राजकारणाचे एक प्रकरण तर आपल्या कार्यकर्त्यांनी जरूर वाचावे. त्या भागातली काँग्रेसची, म्हणजे अमेरिकन संसदेची, जागा व्हिग पक्षाला हक्काची होती आणि ती तिघांना हवी होती : जॅक्सनव्हिलचे जॉन हार्डिन, स्प्रिंगफील्डचे एडवर्ड बेकर आणि लिंकन. तिघेही वकील. १८४३ मध्ये सँगमन काउंटीच्या मेळाव्याने लिंकन यांना डावलून बेकरना पसंती दिली आणि वर जिल्हा मेळाव्यासाठी बेकरचे प्रतिनिधी म्हणून लिंकन यांनाच नेमले. मित्राला लिहिलेल्या पत्रात लिंकन म्हणतात की आपलीच प्रेयसी पळवणाऱ्याच्या लग्नात करवला म्हणून उभे राहावे तशी माझी गत झाली आहे. पण गेले, आणि काम इमानाने केले. त्या मेळाव्यात उमेदवारी हार्डिनना मिळाली, आणि पुढच्या वेळी बेकर योग्य राहतील असा ठराव लिंकन यांनीच मांडून घेतला. त्यातून पाळी ठरल्यासारखे झाले : १८४३ ला हार्डिन, १८४४ ला बेकर, मग लिंकन. १८४६ जवळ आल्यावर हार्डिन पुन्हा इच्छुक झाले, तेव्हा लिंकन यांनी काउंटी-काउंटीतल्या ओळखीच्या माणसांना पत्रे धाडली. सूर एकच : हार्डिन चांगलेच आहेत, पण पाळी म्हणजे पाळी. हार्डिन यांच्यावर एक वावगा शब्द नाही. उमेदवारी मिळाली, आणि निवडणुकीत पीटर कार्टराइट या नावाजलेल्या मेथडिस्ट धर्मोपदेशकाला हरवून ते काँग्रेसवर गेले.

ही पत्रे ज्यांना गेली ते कोण? तर प्रामुख्याने वकील, न्यायालयाचे कारकून, गावोगावचे संपादक, आणि दौऱ्यात भेटलेले पक्षकार. तुमच्या मुख्य प्रश्नाचे उत्तर याच दौऱ्यात आहे, म्हणून आता तिकडेच वळतो.

त्या काळी इलिनॉयमध्ये प्रत्येक काउंटीला वेगळा न्यायाधीश परवडत नसे. अनेक काउंट्यांचे मिळून एक मंडल, आणि त्या मंडलाचा न्यायाधीश वर्षातून दोनदा, वसंतात आणि शरदात, एका काउंटीच्या ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी फिरत न्यायदान करी. लिंकन यांचे आठवे मंडल सर्वांत मोठे असताना त्यात चौदा काउंट्या होत्या. एकेका फेरीला दोन-अडीच महिने लागत. १८४८ पासून न्यायाधीश होते ब्लूमिंग्टनचे डेव्हिड डेव्हिस, आणि त्यांच्यामागे घोड्यावर किंवा बग्गीतून वकिलांचा तांडा. चिखलाचे रस्ते, पूर आलेले ओढे, एका खाटेवर दोघे वकील. बहुतेक वकील दोन-चार काउंट्या करून घरी परतत. लिंकन बहुधा सगळे मंडल पुरे करत.

काम कसले? आपल्या तालुका न्यायालयात असते तसलेच. लिंकन आणि त्यांच्या भागीदारांच्या पाच हजारांहून अधिक प्रकरणांची नोंद संशोधकांनी जमवली आहे, आणि त्यातला मोठा वाटा देण्या-घेण्याचा : वचनचिठ्ठ्या, थकलेली उधारी, गहाण. त्याखेरीज जमिनीचे वाद, घटस्फोट, अब्रूनुकसानी, जनावरांचे सौदे फसल्याचे दावे, अधूनमधून खून. फी पाच, दहा, वीस डॉलर. काउंटीच्या ठिकाणी पोचले की तिथला स्थानिक वकील येई, प्रकरण हातात देई, आणि बहुधा दुसऱ्या दिवशी ज्युरीपुढे उभे राहायचे. तयारीला एक रात्र. आज एकाच्या बाजूने, उद्या त्याच्याच विरुद्ध. आजचा विरोधी वकील उद्या सहकारी.

इथे एक गोष्ट घडते, जी भाषणांनी घडत नाही. ज्युरीत बसलेला शेतकरी हा मतदारच असतो. त्याने या माणसाला साक्षीदाराशी कसे बोलतो, हरल्यावर कसा वागतो, न्यायाधीशाला कोणता कायदा सांगतो आणि कोणता सांगायचे टाळतो, हे डोळ्यांनी पाहिलेले असते. प्रतिपक्षाच्या किरकोळ मुद्द्यांवर लिंकन भांडत बसत नसत. हे कबूल, तेही कबूल, असे म्हणत सहा मुद्दे सोडून द्यायचे आणि सातव्यावर पाय रोवायचा, कारण निकाल त्या सातव्यावर अवलंबून आहे. हे तंत्र म्हणून शिकता येते. पण वर्षानुवर्षे चौदा काउंट्यांत तसे वागले की लोकांत एक समज रुजतो : हा माणूस कबूल करण्यासारखे असेल ते कबूल करतो. १८५८ च्या सिनेटच्या लढतीतले प्रतिस्पर्धी, डेमोक्रॅट स्टीफन डग्लस, यांच्याबरोबरच्या सात वादसभांत हीच पद्धत दिसते. त्या सभा ज्युरीपुढच्या युक्तिवादासारख्या बांधलेल्या आहेत.

शिवाय फेरीतली संध्याकाळ. खानावळीत सगळे एकत्र, व्हिग काय आणि डेमोक्रॅट काय. दिवसा न्यायालय, रात्री राजकारण. न्यायालयाचा आठवडा म्हणजे काउंटीच्या ठिकाणी गर्दीचा आठवडा, तेव्हा सभाही त्याच दिवसांत होत. उमेदवाराला वेगळा दौरा आखावा लागतच नसे. अर्बानाच्या किंवा डॅनव्हिलच्या वकिलाने आज खटल्यासाठी बोलावले, त्यानेच उद्या सभेची खुर्ची मांडली. लोगन काउंटीतल्या एका नव्या गावाला तर १८५३ मध्ये त्यांचे नाव देण्यात आले, कारण गाव वसवणाऱ्यांचे कायदेशीर कागद त्यांनी केले होते. तेव्हा ते काँग्रेसची एक मुदत करून परतलेले, कोणत्याही पदावर नसलेले काउंटीचे वकील होते.

भागीदारांबद्दल थोडे. स्टुअर्ट १८३८ ला स्टीफन डग्लस यांचा अवघ्या ३६ मतांनी पराभव करून काँग्रेसवर गेले आणि कार्यालयाचा भार नवख्या लिंकनवर पडला. काम चालले, पण कच्चे राहिले. १८४१ मध्ये ते स्टीफन लोगन यांच्याकडे गेले. लोगन माजी न्यायाधीश, दाव्याच्या मसुद्यात एक शब्द इकडचा तिकडे चालू न देणारे. लिंकन वकील म्हणून पक्के झाले ते या तीन वर्षांत, असे माझे ठाम मत आहे. सभागृहात सात वर्षे काढलेल्या आमदाराने अशा कडक माणसाच्या हाताखाली पुन्हा बाराखडीपासून सुरुवात करायला मन मोठे लागते. १८४४ पासून विल्यम हर्नडन हे वयाने नऊ वर्षांनी लहान असलेले भागीदार, आणि फीची विभागणी निम्मी-निम्मी. लिंकन फेरीवर असताना कार्यालय हर्नडननी सांभाळले. राजकारण करणाऱ्या वकिलाला मागे विश्वासू माणूस लागतोच. ज्यांना तो मिळत नाही त्यांच्या पक्षकारांच्या तारखा बुडतात, आणि बुडालेली तारीख गावात महिनोन् महिने चघळली जाते.

आता अवघड भाग. वकिली आणि लोकांची बाजू एकमेकींच्या आड आल्या तेव्हा ते कसे वागले?

१८५३ मध्ये मॅक्लीन काउंटीने इलिनॉय सेंट्रल रेल्वेच्या मालमत्तेवर कर बसवला. रेल्वेचे म्हणणे असे की राज्याच्या सनदेनुसार आम्ही राज्याला ठरावीक हिस्सा देतो, काउंटीचा कर आम्हाला लागू नाही. प्रश्न प्रत्येक काउंटीच्या तिजोरीचा होता. रेल्वेला लिंकन हवे होते. पण शेजारच्या शँपेन काउंटीच्या लोकांनी याच विषयावर त्यांच्याशी आधी बोलणे केले होते. लिंकन यांनी सप्टेंबरमध्ये त्या काउंटीच्या कारकुनाला पत्र लिहिले : माझ्यावर पहिला हक्क तुमचा, तुम्ही मला नेमणार असाल तर सांगा, नाहीतर रेल्वेचे काम मला घ्यायचे आहे, आणि इतकी मोठी फी सोडणे मला परवडणार नाही. काउंटीने नेमले नाही. ऑक्टोबरमध्ये त्यांनी रेल्वेला होकार दिला आणि २५० डॉलर आगाऊ घेतले. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात दोनदा युक्तिवाद झाला आणि १८५६ च्या आरंभी निकाल रेल्वेच्या बाजूने लागला. म्हणजे काउंटीच्या लोकांनी घडवलेल्या या नेत्याने काउंट्यांचे उत्पन्न बुडवणारा निकाल मिळवला. पुढे पाच हजार डॉलरच्या बिलावरून रेल्वेशी वाजले, तेव्हा त्यांनी रेल्वेवरच दावा लावला आणि १८५७ मध्ये तो ब्लूमिंग्टनच्या न्यायालयात जिंकलाही. आणि त्यानंतर पुन्हा रेल्वेची कामे घेतली.

१८५८ च्या प्रचारात विरोधकांनी हे पाच हजार काढलेच. लिंकन यांनी कार्थेजच्या सभेत सगळा हिशेब लोकांपुढे मांडला : काम काय होते, फी किती मागितली, वसुलीला दावा का लावला. त्यांना हे करता आले, कारण सप्टेंबर १८५३ चे ते पत्र आधी गेलेले होते. हितसंबंधाची अडचण वकीलपत्र घेण्याआधी, लेखी, ज्याला धक्का बसू शकतो त्याला कळवायची. नंतर दिलेल्या स्पष्टीकरणाला काडीची किंमत नसते.

दुसरे प्रकरण मला आजही बोचते. १८४१ मध्ये बेली विरुद्ध क्रॉमवेल या अपिलात नॅन्स नावाच्या कृष्णवर्णीय स्त्रीच्या विक्रीपोटी लिहून घेतलेली वचनचिठ्ठी न्यायालयाने अवैध ठरवली : इलिनॉयमध्ये माणूस स्वतंत्रच मानायचा आणि स्वतंत्र माणसाची विक्री होऊ शकत नाही. चिठ्ठी लिहून देणाऱ्याच्या बाजूने लिंकन होते. सहा वर्षांनी, १८४७ च्या ऑक्टोबरात, कोल्स काउंटीत उलटे घडले. केंटकीचा मॅटसन हा गुलामांचा मालक इलिनॉयमधल्या आपल्या शेतावर जेन ब्रायंट आणि तिच्या मुलांना राबवत होता. त्यांनी सुटकेसाठी आसरा घेतला, प्रकरण न्यायालयात आले, आणि मॅटसनच्या बाजूने उभे राहिले लिंकन. ते हरले, ब्रायंट कुटुंब मुक्त झाले. वकिलाने पक्षकार निवडू नये, दारात येईल त्याची बाजू मांडावी, असा त्या पिढीचा दंडक होता आणि तो पुष्कळजण पुढे करतात. मला तो पुरेसा वाटत नाही. दहा वर्षांपूर्वी गुलामगिरी अन्यायावर उभी आहे असे सभागृहात लिहून देणाऱ्याला हे वकीलपत्र नाकारता आले असते. कोणी त्यांच्यावर सक्ती केली नव्हती. लिंकन यांच्याबद्दलचा माझा आदर या प्रकरणाला वळसा घालून जात नाही, ते धरूनच आहे.

काँग्रेसची मुदत १८४९ ला संपली. मेक्सिकोच्या युद्धावर टीका केल्याने घरच्या मतदारांत नाराजी होती, आणि त्यांच्या जागी उभे राहिलेले लोगन हरले. लिंकन गुमान फेरीवर परतले. पुढची पाच वर्षे हाच त्यांचा मुख्य व्यवसाय होता, आणि त्यांची वकिली खरी फुलली ती तेव्हा. पोटाला वकिली असल्यामुळे राजकारणात थांबता आले. मिळेल ते पद धरून राहायची गरज पडली नाही. १८५४ च्या कॅन्सस-नेब्रास्का कायद्याने गुलामगिरीला नव्या प्रदेशांची दारे उघडली, तेव्हा ते पुन्हा उतरले ते या तयारीनिशी. त्या वर्षी काउंटीने त्यांना विधानसभेवर निवडून दिले, पण अमेरिकन संसदेच्या सिनेटला उभे राहण्यासाठी (सिनेटर तेव्हा राज्याचे आमदार निवडत) त्यांनी ती जागा नाकारली, आणि पोटनिवडणुकीत ती विरोधकांकडे गेली. मतदारांना गृहीत धरल्याची शिक्षा अशी लगेच मिळते. फेब्रुवारी १८५५ मध्ये सिनेटच्या मतदानात पहिल्या फेरीला लिंकन सर्वांत पुढे होते, आणि लायमन ट्रंबल यांच्याकडे फक्त पाच मते. ती पाच मते हटेनात. गुलामगिरीला विरोध करणारा कोणीतरी निवडून यावा म्हणून लिंकन यांनी आपली माणसे ट्रंबलकडे वळवली. त्या पाचांतले एक, नॉर्मन जड, १८६० ला रिपब्लिकन पक्षाचे राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार ठरवणारे अधिवेशन शिकागोत आणण्यासाठी झटणाऱ्यांत आघाडीवर होते. लिंकन तोवर याच पक्षात आलेले होते.

त्या अधिवेशनात लिंकन यांचे काम पाहणारी मंडळी पाहा. सूत्रधार न्यायाधीश डेव्हिड डेव्हिस. जोडीला ब्लूमिंग्टनचे वकील लेनर्ड स्वेट, डॅनव्हिलचे वॉर्ड हिल लेमन, ब्लूमिंग्टनचेच जेसी फेल, आणि स्प्रिंगफील्डचे लोगन. आठव्या मंडलाची खानावळच जणू शिकागोला उतरली होती. मुख्य प्रतिस्पर्धी, न्यूयॉर्कचे सिवर्ड, यांच्यामागे पैसा होता, नाव होते. या लोकांना लिंकन यांची एकेक सवय ठाऊक होती आणि कोणत्या राज्याच्या माणसाला काय सांगायचे हे त्यांनी आपसात वाटून घेतले. १८ मे १८६० ला तिसऱ्या फेरीत उमेदवारी मिळाली. दोन वर्षांनी डेव्हिस अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश झाले, लिंकन यांच्याच नेमणुकीने. मैत्रीपोटीची नेमणूक होती, यात शंका नाही. आणि १८६६ मध्ये मिलिगन खटल्यात याच डेव्हिस यांनी निकाल लिहिला की नागरी न्यायालये चालू असताना नागरिकाला लष्करी आयोगापुढे उभे करता येत नाही. ज्या राष्ट्राध्यक्षाने नेमले त्याच्याच युद्धकाळातल्या कारवाईवर तो निकाल होता.

तेव्हा वकिलीने राजकारणाला हात दिला की उलट, याचे माझे उत्तर : सुरुवातीला राजकारणाने वकिली मिळवून दिली, आणि नंतर फेरीवरच्या वकिलीने असे राजकारण उभे केले की एक मुदत, दोन पराभव आणि पाच वर्षांची गैरहजेरी पचवूनही ते टिकले.

आता तुमच्या निवडणुकीचे. लिंकन यांच्या काळात आमदाराने कोणाचे वकीलपत्र घ्यावे यावर कायद्याचे बंधन जवळजवळ नव्हते. तुमच्यावर आहे. महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५ नुसार नगरसेवकाने पदावर असताना परिषदेच्या बाजूने किंवा परिषदेविरुद्ध एखाद्या प्रकरणात व्यावसायिक काम केले, तर तो अपात्र ठरू शकतो. पक्षकाराच्या वतीने ज्या विषयात आपला व्यावसायिक संबंध आहे त्याच्या बाजूने सभागृहात मत दिले, तरीही तेच. अतिक्रमणाची नोटीस, घरपट्टीचा वाद, बांधकाम परवानगी, गाळ्यांचा लिलाव : तालुक्याच्या वकिलाकडे ही प्रकरणे असतातच. अर्ज भरण्याआधी आपल्या सगळ्या फायली काढा, ज्यांत परिषद पक्षकार आहे त्या वेगळ्या करा, आणि निवडून आल्यास ती कोणाकडे सोपवायची ते त्या पक्षकारांना समोर बसवून आजच ठरवा. भागीदाराकडे देऊन स्वतः मागून काम पाहायचे, हा मार्ग काहीजण धरतात. धरू नका. कायद्याची नजर भागीदारावरही असते, आणि गावाची तर असतेच. ज्या पक्षकाराचे काम दुसऱ्याकडे जाईल त्याची घेतलेली फी हिशेबाने परत करा, आणि ना-हरकत लेखी घ्या. यादी करताना एखादे प्रकरण सोडणे जिवावर आले, तर या खेपेला अर्ज भरू नका. पुढची निवडणूक पाच वर्षांनी आहेच.